रथसप्तमीपासूनचा खोकला: स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतलं एक प्रकरण

हे प्रकरण खऱ्या रुग्णाचं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, तपासण्या आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. कर्करोग रुग्णांसोबत काम करणाऱ्या एका टीममध्ये मी समुपदेशक आहे. उपचार चालू असताना लागलेला खोकला एकतर ‘होईल बरा’ म्हणून सोडून दिला जातो, नाहीतर भीतीपोटी लपवला जातो. दोन्हींत आठवडे जातात आणि त्या आठवड्यांत माणूस फार सोसतो. शालनताईंच्या बाबतीत ते कसं घडलं आणि पुढे वाट कशी निघाली, ते सविस्तर मांडते.

पार्श्वभूमी

शालनताई ५६ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातल्या. घरची दीड एकर द्राक्षबाग. आजारपणाआधी हंगामात त्या बेदाणा निवडायला शेडवर जायच्या. घरी नवरा, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. सात-आठ वर्षांपासून मधुमेह होता, तो मेटफॉर्मिनवर आटोक्यात होता.

उजव्या स्तनात गाठ लागली आणि मार्चमध्ये शस्त्रक्रिया होऊन स्तन काढला. काखेतल्या काही गाठींमध्येही आजार सापडला. तपासणीत हर २ पॉझिटिव्ह (कर्करोगाच्या पेशींवर हर २ नावाचं प्रथिन जास्त) आणि हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा आजार) असा अहवाल आला. त्यानुसार आधी अॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या चार केमो झाल्या. मग जुलैपासून पॅक्लिटॅक्सेलच्या चार केमो, त्यासोबत ट्रास्टुझुमॅबचं, म्हणजे हर २ प्रथिनाला रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षभर घ्यायचं असतं. नोव्हेंबरमध्ये रेडिएशन सुरू झालं. छातीची उजवी बाजू आणि गळपट्टीच्या हाडावरचा भाग मिळून १५ बैठका झाल्या, त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपल्या. रोज लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची एक गोळीही सुरू झाली.

आणखी एक नोंद इथेच करून ठेवते, कारण ती पुढे महत्त्वाची ठरली. दसऱ्याच्या सुमारास रक्तदाब वाढलेला आढळला आणि गावाजवळच्या डॉक्टरांनी एनालाप्रिल सुरू केली.

रेडिएशन संपलं तेव्हा घरच्यांनी देवाला नारळ फोडला. त्यांच्या लेखी उपचार संपले होते. २१ दिवसांनी एसटीने अर्ध्या तिकिटात जाऊन घेतलं जाणारं इंजेक्शन म्हणजे ‘ताकदीचं इंजेक्शन’, असाच घरात समज होता. तो आमच्याकडून वेळेत दुरुस्त झाला नाही आणि त्याचा परिणाम पुढच्या दोन महिन्यांवर झाला.

खोकला सुरू झाला

सुरुवात कोरड्या ढासेने झाली. घशात खवखव, बोलताना ठसका, आणि आडवं पडलं की उबळ. बेडका नाही, ताप नाही. पहिले दहा-बारा दिवस घरचे उपाय झाले: अडुळशाचा काढा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, रात्री वाफ. थोडा आराम पडायचा, पण तासाभराने पुन्हा तेच.

मग गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी खोकल्याचं औषध आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. फरक पडला नाही म्हणून दुसरं, लेव्होफ्लॉक्सासिन दिलं. त्या डॉक्टरांना कर्करोगाचं ऑपरेशन झाल्याचं ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी छातीला रेडिएशन दिलंय हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि फाईल घरी कपाटात होती. समोर जेवढी माहिती होती तेवढ्यावर त्यांनी उपचार केले.

खोकल्याचं कारण गावात आधीच ठरून गेलं होतं. फेब्रुवारीत बेदाण्याचा हंगाम लागतो. शेडमध्ये बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात आणि शालनताईंचं घर एका शेडपासून हाकेच्या अंतरावर. धुरी चालू असली की धडधाकट माणसालाही ठसका लागतो. ‘गंधकाचा खोकला हाय, हंगाम सरला की जाईल’ यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ते पटण्यासारखंही होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्या इंजेक्शनसाठी आल्या. नेहमीप्रमाणे सिस्टरनी विचारलं, ‘काही त्रास?’ त्या म्हणाल्या, ‘न्हाई, बरं हाय.’ प्रवासात दर पाच मिनिटांनी खोकणाऱ्या बाईने वॉर्डात अर्धा तास खोकला दाबून धरला होता, हे आम्हाला नंतर कळलं. कारण विचारलं तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. खोकला आहे म्हटलं तर इंजेक्शन थांबवतील, ही पहिली. दुसरी त्यांनी फार हळू आवाजात सांगितली: त्यांच्यासोबत केमो घेणाऱ्या एका बाईला असाच खोकला लागला आणि आजार फुप्फुसात गेल्याचं निघालं. ‘नाव काढलं तर खरं व्हायाचं,’ असं त्या म्हणाल्या.

ज्या दिवशी बोलणं झालं

पुढचं इंजेक्शन फेब्रुवारीच्या शेवटी होतं. या वेळी सून सोबत आली होती. ‘काही त्रास?’ या प्रश्नावर शालनताई पुन्हा ‘बरं हाय’ म्हणाल्या आणि सून मध्येच बोलली, ‘आवो सिस्टर, आत्या रातभर बसून असत्यात. उशीला टेकल्या की उबळ. मामा आता सोप्यात झोपत्यात.’ शालनताईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं. सिस्टरनी इंजेक्शनची तयारी बाजूला ठेवली, पडदा ओढला आणि खुर्ची घेऊन बसल्या.

त्यांनी विचारलेले प्रश्न नोंदवण्यासारखे आहेत, कारण खोकला असलेल्या प्रत्येक कर्करोग रुग्णाला ते विचारायला हवेत. ताप येतो का? रक्त पडतं का? छातीत श्वासासोबत कळ येते का? एका पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं? जिना चढताना आधीपेक्षा जास्त दम लागतो का? रात्री दम लागून जाग येते का? केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थुंकीतून रक्त, बसल्या जागी दम, किंवा एका पायाच्या सुजेसोबत छातीत कळ, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शालनताईंना यातलं तातडीचं काही नव्हतं. पण दोन मजले चढून आल्यावर त्या थांबत होत्या आणि महिन्यापूर्वी थांबत नव्हत्या.

मग प्रश्न आला, खोकला नक्की कधीपासून? शालनताई म्हणाल्या, ‘धुरी सुरू झाल्यापास्नं.’ सुनेने मान हलवली. ‘न्हाई आत्या. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तुम्ही वाण देताना खोकत हुता, शेजारच्या काकींनी पाणी आणून दिलं. तवा शेड कुठं सुरू झालं हुतं?’

रथसप्तमी त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी होती. धुरी फेब्रुवारीच्या मध्याला सुरू झाली. म्हणजे खोकला गंधकाच्या आधीचा. सिस्टरनी फाईल उघडून रेडिएशनच्या शेवटच्या बैठकीची तारीख पाहिली आणि मधले आठवडे मोजले: साधारण सात ते आठ. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं.

छातीला रेडिएशन दिल्यावर फुप्फुसाचा थोडा भाग किरणांच्या वाटेत येतोच. त्या भागाला काही जणांमध्ये नंतर सूज येते. ती बहुतेक वेळा उपचार संपल्यावर १ ते ६ महिन्यांत दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जास्त. कोरडा खोकला, चालताना दम, कधी बारीक ताप ही तिची लक्षणं. हा उशीरच फसवा असतो. बैठका चालू असताना काही होत नाही आणि खोकला लागतो तेव्हा रेडिएशनची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

समोर काय काय असू शकत होतं

कारणं एकाहून जास्त होती आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध जाणारे होते. या प्रकरणातली खरी अवघड जागा हीच आहे.

रेडिएशनची सूज असेल तर स्टेरॉइड द्यावं लागेल. पण टीबी असेल आणि स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकेल. ट्रास्टुझुमॅब आणि त्याआधीचं अॅड्रियामायसिन या दोन्हींनी हृदयाचं आकुंचन कमकुवत होऊ शकतं आणि आडवं पडल्यावर वाढणारा खोकला हे त्याचंही लक्षण असतं. तसं असेल तर इंजेक्शन थांबवावं लागेल. एनालाप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी अनेकांना, त्यात बायकांना जास्त, कोरडी ढास लागते. ती गोळी सुरू केल्यावर आठवड्यात लागते, तशी काही महिन्यांनीही. ट्रास्टुझुमॅबमुळे थेट फुप्फुसाला सूज येणं दुर्मीळ, पण शक्य. आणि आजार पसरला असण्याची शक्यता, जिचं नाव काढायला शालनताई घाबरत होत्या.

त्याच दिवशी एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात धूसर डाग दिसला.

त्या एक्स-रेने गोंधळ वाढवला. मुलाने तो फोनवर एका ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचं म्हणणं, वरच्या भागातला डाग आहे, महिन्याचा खोकला आहे, आपल्याकडे हा टीबीच, सहा महिन्यांचा कोर्स आजच सुरू करा. हे मत चुकीच्या जागेवरून आलं नव्हतं. जुना दबलेला टीबी उलटतो तेव्हा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या टोकालाच उलटतो. पण गळपट्टीवरच्या भागाला रेडिएशन दिलं की नेमकं तेच वरचं टोक किरणांत येतं. जागा एकच, आजार दोन.

तेव्हा आमच्यापुढे चार पर्याय होते. टीबीची औषधं अंदाजाने सुरू करणं; स्टेरॉइड अंदाजाने सुरू करणं; फक्त एनालाप्रिल बदलून दोन-तीन आठवडे वाट पाहणं; किंवा दोन-तीन दिवस घेऊन सिटी स्कॅन, बेडक्याची तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) तिन्ही करून मग ठरवणं.

टीबीचा कोर्स अंदाजाने सुरू करण्यात मला स्वतःला सर्वांत मोठा धोका दिसत होता. केमोतून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाईच्या यकृतावर सहा महिने भार पडला असता. टीबीच्या कोर्समधल्या रिफाम्पिसिनमुळे इतर बऱ्याच औषधांचा शरीरातला प्रभाव घटतो, त्यात स्टेरॉइडही येतं. आणि टीबीची औषधं चालू आहेत म्हटल्यावर खरं कारण शोधायचं काम तिथेच थांबलं असतं. नुसती वाट पाहण्यात वेगळा धोका होता. बोटाला ऑक्सिमीटर लावून त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं तेव्हा ऑक्सिजन ९६ वरून ९० वर आला. हा आकडा पाहिल्यावर वाट पाहण्याचा पर्याय बाद झाला.

किती सांगायचं

मुलाने डॉक्टरांना बाजूला घेऊन विनंती केली, ‘स्कॅनमध्ये काही निघालं तर आईला सांगू नका.’ असं म्हणणारी मुलं आम्हाला रोज भेटतात आणि त्यांच्या मायेबद्दल शंका नसते. डॉक्टरांनी त्याला होकार किंवा नकार दिला नाही. ते शालनताईंपाशी येऊन बसले आणि विचारलं, ‘मावशी, तपासण्यांचं तुम्हाला किती सांगू? सगळं, की लेकाशी बोलू?’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मलाच सांगा. न्हाई सांगितलं तरी मी रातभर त्योच इचार करतीया.’

मग डॉक्टरांनी सगळ्या शक्यता साध्या शब्दांत सांगितल्या. आजार पसरल्याची शक्यताही सांगितली आणि ती सगळ्यांत वरची नाही, हेही. महिनाभरात पहिल्यांदा त्या मोकळेपणी खोकल्या. त्या खुलेपणानंतरच पुढची सगळी माहिती बाहेर आली: काढ्यात रोज ज्येष्ठमध पडत होतं, गोळ्या कधी चुकत होत्या, आणि एक गोष्ट जी आम्ही विचारलीच नव्हती, तिच्याकडे शेवटी येते.

काय केलं

ट्रास्टुझुमॅबचा त्या दिवशीचा डोस पुढे ढकलला. ‘थांबवला’ आणि ‘पुढे ढकलला’ यातला फरक शालनताईंना दोनदा समजावून सांगितला, कारण त्यांची भीती तीच होती.

कोरड्या खोकल्यात बेडका येत नाही. म्हणून खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन बेडका काढला आणि सरकारी रुग्णालयात सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवला. ती राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात मोफत होते आणि यंत्राला साधारण दोन तास लागतात. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: टीबीचे जंतू आढळले नाहीत. तरी कल्चरही, म्हणजे बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवलं. मधल्या काळात घेतलेल्या लेव्होफ्लॉक्सासिनचा टीबीच्या जंतूंवरही परिणाम होतो आणि त्यामुळे टीबी काही काळ झाकला जाऊ शकतो. एका निगेटिव्ह अहवालावर छातीविकारतज्ज्ञ विसंबायला तयार नव्हते. कल्चरला सहा आठवडेही लागतात, तोवर स्टेरॉइड अडवून ठेवता येणार नव्हतं. मग एक मधला मार्ग निघाला: सिटी स्कॅन काय सांगतो ते बघू, स्टेरॉइड सुरू करू, आणि कल्चर येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक्स-रे काढू.

इकोमध्ये हृदयाचं काम आधीच्या तपासणीइतकंच निघालं. सिटी स्कॅनने बाकीचं उत्तर दिलं. डाग फुप्फुसाच्या नैसर्गिक भागांच्या सीमा पाळत नव्हता. त्याची कड शेताच्या बांधासारखी सरळ होती. रेडिएशनच्या नियोजनाचा आराखडा संगणकावर शेजारी ठेवला तेव्हा किरणांचं क्षेत्र आणि डाग एकमेकांवर बसले. गाठी नव्हत्या, पाणी नव्हतं, रक्तवाहिनीत गुठळी नव्हती. निदान ठरलं: रेडिएशनमुळे आलेली फुप्फुसाची सूज.

अशी सूज सौम्य असेल तर पुष्कळदा औषधाशिवाय ओसरते. इथे चालताना ऑक्सिजन घसरत होता आणि झोप पूर्ण गेली होती, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, असं सुरू केलं. दोन आठवड्यांनंतर ते टप्प्याटप्प्याने कमी करायचं होतं. सोबत पोटाची गोळी, आणि लांबलेल्या स्टेरॉइडमध्ये होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल. एनालाप्रिल बंद करून रक्तदाबाची वेगळ्या गटातली गोळी, टेल्मिसार्टन, दिली. ज्येष्ठमध थांबवायला सांगितलं, कारण रोजच्या मात्रेत ते रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. अडुळसा, कोमट पाणी, हळदीचं दूध यांना कुणी हरकत घेतली नाही. काढा बंद म्हटलं असतं तर तो गुपचूप चालू राहिला असता.

खोकला जाईपर्यंतचे दिवस

कारण सापडलं म्हणून खोकला त्या रात्री थांबत नाही. पहिला आठवडा फार जड होता आणि त्या काळात केलेल्या छोट्या गोष्टींनीच त्यांना तारलं, असं मला मनापासून वाटतं.

फिजिओथेरपिस्टने त्यांना उबळ येतानाच ती सांभाळायला शिकवलं. घशात खवखवायला लागलं की तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा, नाकाने छोटे हळू श्वास घ्यायचे आणि मग कोमट पाण्याचा एक घोट. कोरडा खोकला खोकून मोकळा होत नाही. एक उबळ पुढच्या उबळीला जागा करून देते. बेडका असणाऱ्या रुग्णाला हे शिकवत नाहीत, त्याला तो बाहेर काढायचा असतो. शालनताईंना पहिल्या दिवशी जमलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी नातीला शिकवलं आणि ती रात्री आजीला आठवण करून द्यायला लागली.

खोकताना ऑपरेशनच्या बाजूच्या बरगड्या दुखायच्या, म्हणून एक छोटी घट्ट उशी छातीशी धरून खोकायला सांगितलं. रात्री दोन उशा पाठीखाली उतरत्या लावल्या. नुसती मान उचलली तर घसा दबतो आणि खोकला वाढतो. रात्रीचं जेवण दोन तास अलीकडे आणलं. धुरीच्या वेळी शेडच्या बाजूची खिडकी बंद. सुनेने चुलीवरच्या भाकऱ्या गॅसवर घेतल्या. झोपेसाठी डॉक्टरांनी थोडे दिवस रात्रीपुरतं कोडीनचं औषध दिलं. त्याने बद्धकोष्ठ होतं, म्हणून इसबगोल त्याच दिवशी सुरू केलं, त्रास होण्याची वाट पाहिली नाही.

घरात त्यांचं ताट आणि तांब्या वेगळा ठेवला जात होता. एक्स-रे पाहून आलेलं ते ‘टीबी’ असं फोनवरचं मत गल्लीत पोचलं होतं. निगेटिव्ह अहवाल आल्यावर आमच्या सिस्टरनी नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवून तो वाचून दाखवला. त्या संध्याकाळी जेवण पुन्हा एकत्र झालं, असं सुनेने फोन करून सांगितलं.

मध्येच स्टेरॉइड सुटलं

दहाव्या दिवसापर्यंत खोकला निम्म्याहून कमी झाला. पंधराव्या दिवशी त्या सलग पाच तास झोपल्या. साखर मात्र जेवणानंतर ३०० च्या पुढे गेली, चेहरा फुगल्यासारखा दिसू लागला. त्यात कुणीतरी सांगितलं, ‘स्टेरॉइड लई वाईट, हाडं पोकळ होत्यात.’ पाडव्याच्या आधी त्यांनी गोळी स्वतःच बंद केली. त्या वेळी त्या ३० मिलिग्रॅमवर होत्या.

आठवड्याच्या आत खोकला परतला आणि या वेळी दम जास्त होता. स्टेरॉइड एकदम सोडलं की दबलेली सूज उसळते. शिवाय काही आठवडे ते घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं, त्यामुळे अचानक बंद करणं तसंही धोक्याचं असतं. पुन्हा ३० वर सुरुवात करावी लागली आणि कमी करण्याचा काळ आधीपेक्षा लांबला.

त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर डोस कमी करण्याचा क्रम होता, पण इंग्रजी संक्षेपांत. त्यावरून सुनेला एवढंच कळलं होतं की गोळी ‘कमी कमी करायची’. दुसऱ्या वेळी सिस्टरनी त्यांच्या घरच्या दिनदर्शिकेचीच पानं मागवली आणि प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या दिवसाच्या गोळ्यांचा आकडा लिहिला. जूनच्या मध्यापर्यंतच्या सगळ्या चौकटी भरल्या. साखरेसाठी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात पाठवलं. स्टेरॉइड सकाळी घेतलं की साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची साखर बरी दिसते. म्हणून तपासणीची वेळ बदलून दुपारच्या जेवणानंतरची केली.

परिणाम

एप्रिलच्या मध्यापर्यंत टीबीचं कल्चरही निगेटिव्ह आलं. ट्रास्टुझुमॅबचा पुढे ढकललेला डोस स्टेरॉइड सुरू झाल्यावर, इको आणि स्कॅन पाहून दिला आणि वर्षाचा कोर्स पुढे पूर्ण झाला. जूनमध्ये स्टेरॉइड संपलं तेव्हा अधूनमधून खाकरण्यापलीकडे खोकला राहिला नव्हता. चालून ऑक्सिजन ९५ च्या खाली येत नव्हता. जुलैच्या स्कॅनमध्ये सुजेच्या जागी बारीक व्रण दिसला. तो राहणार आहे आणि पुढच्या प्रत्येक एक्स-रेत दिसणार आहे. म्हणून जुना स्कॅन कायम सोबत न्यायचा, असं फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून दिलं. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी नवा डाग समजून पुन्हा सगळी धावपळ सुरू करेल.

बेदाण्याच्या शेडवर परत जायचं का, हा प्रश्न त्यांनीच काढला. छातीविकारतज्ज्ञांनी धुरीच्या जागी जाऊ नका म्हटलं, तयार माल निवडायला तोंडाला मास्क लावून बसायला हरकत नाही म्हटलं. पुढच्या हंगामात त्या निवडायला बसल्या.

वेगळं काय करता आलं असतं

रेडिएशन संपतं त्या दिवशी प्रत्येक रुग्णाच्या हातात एक ओळ पडायला हवी होती: पुढच्या सहा महिन्यांत खोकला किंवा दम लागला तर आधी आम्हाला कळवा, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर हा कागद दाखवा. तेवढ्याने गावातल्या डॉक्टरांना योग्य दिशा मिळाली असती आणि दोन अँटिबायोटिकं वाचली असती. आता तो कागद दिला जातो. त्यावर शेवटच्या बैठकीची तारीख मोठ्या अक्षरांत असते.

एनालाप्रिल आणि स्टेरॉइड यांचे बदल एकाच आठवड्यात झाले. त्यामुळे खोकल्यातला किती भाग गोळीचा होता हे सांगता येत नाही. असा खोकला गोळी थांबवल्यावर बहुधा १ ते ४ आठवड्यांत जातो. ऑक्सिजन घसरत असताना एकेक बदल करून पाहणं परवडणारं नव्हतं आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण ढास नसताना, ऑक्टोबरमध्येच, केमो आणि रेडिएशनमधून जाणाऱ्या बाईला खोकला लावू शकणारी गोळी देण्याआधी एक फोन झाला असता तर हा गुंता आलाच नसता. मधुमेहात या गटाच्या गोळ्या मूत्रपिंडासाठी चांगल्या म्हणून दिल्या जातात, त्यामागचा हेतू बरोबरच होता. टेल्मिसार्टनही तेच काम करते आणि ढास क्वचितच लावते.

‘काही त्रास?’ हा प्रश्न बदलायला हवा होता. त्याला ‘बरं हाय’ हेच उत्तर येतं. ‘काल रात्री किती झोपलात? कशामुळे उठलात?’ असं विचारलं असतं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच उत्तर मिळालं असतं. आणि सोबत आलेल्या माणसालाही, रुग्णाच्या परवानगीने, तोच प्रश्न विचारायला हवा.

आता ती न विचारलेली गोष्ट. प्रत्येक उबळीला शालनताईंना लघवी होत होती. पंचावन्नच्या पुढच्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये जोराच्या खोकल्यात हे अगदी सर्रास होतं. त्यांनी म्हणून पाणी पिणं कमी केलं होतं, त्याने घसा आणखी कोरडा पडत होता. एसटीत बसायची धास्ती होती. दर एकादशीच्या भजनाला जाणं त्यांनी फेब्रुवारीतच सोडलं होतं, आणि घरच्यांना वाटत होतं की दम लागतो म्हणून सोडलं. मेमध्ये, खोकला बराच कमी झाल्यावर, फिजिओथेरपिस्ट एकटी असताना त्यांनी तिला हे सांगितलं. तिने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम दिले आणि खोकला येण्याच्या क्षणी ते आवळून धरायला शिकवलं. सहा आठवड्यांत फरक पडला. हे व्यायाम मार्चमध्ये, पहिल्या आठवड्यातच देता आले असते. खोकला असलेल्या प्रत्येक बाईला आता आमच्या सिस्टर पडद्याआड हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतात, आणि बहुतेक जणी आधी सुनेकडे किंवा लेकीकडे बघतात, मग ती बाहेर गेली की उत्तर देतात.